पहिलं पान कळलं का?

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. फोन तेजश्रीचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा. एरवी ती मेसेज टाकते, फोन करत नाही, म्हणून तिचं नाव दिसल्याबरोबर गॅस तसाच ठेवून मी फोन उचलला. "मावशी, बाबा उठलेच नाहीत..." एवढंच बोलली, आणि पुढे नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. इकडे मोहरी करपली, स्मोक अलार्म बोंबलायला लागला, आणि मी हातातल्या टॉवेलनं त्याला वारा घालत उभी. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहिते... मला त्या क्षणी रडू आलं नाही. मला भीती वाटली. माझी नजर गेली ती वरच्या कपाटातल्या बिस्किटांच्या डब्याकडे.

त्या डब्यात काय होतं ते सांगायचं तर आधी बापू सांगायला हवेत. आम्ही राहतो इकडे परदेशात, वेस्ट विंडसरला. घरांच्या मागे पावसाच्या पाण्याचं एक तळं आहे, त्याच्याभोवती पायवाट, आणि वाटेवर हक्कानं बसलेली बदकं. सकाळी लेकी-जावई ट्रेन पकडायला गेले की आम्ही म्हातारी माणसं त्या तळ्याला फेऱ्या मारतो. तिथेच बापू भेटले. कराडकडच्या एका शाळेत त्यांनी उभा जन्म पोरापोरींना कबड्डी शिकवली. बुटके, मान जाड, कान चपटे झालेले, डोक्याला माकडटोपी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बर्फ पडला तरी तेच. "ताई, तुम्ही बोला, मी चालतो," असं आमचं ठरलेलं. पण खरं म्हणजे त्यांना चालवत नसे. हृदयाचं दुखणं होतं. दुसऱ्या बाकापाशी आले की दम लागायचा, मग बदकं बघायचं निमित्त करून थांबायचे. मला कळायचं. मीही बदकं बघायची.

आता माझी नात सई. वीस वर्षांची, कॉलेजात शिकते, आणि शनिवारी रग्बी लीग नावाचा खेळ खेळते. मुलींची हौशी टीम, त्यांचा कोच डॅन म्हणून एक अवाढव्य माणूस, आठवडाभर प्लंबिंगची कामं करतो. गेल्या उन्हाळ्यात ही टीम झाडून सगळे सामने हरली. मला हरण्याचं काही नव्हतं हो. मला त्या खेळाचीच भीती. पोरी एकमेकींच्या अंगावर धावून जातात, धाडकन आपटतात, परत उठतात. पहिल्या सामन्याला एकटीनं जायचा धीर होईना म्हणून बापूंना म्हटलं, "तुम्ही चला सोबत. मी डोळे मिटून बसते, संपलं की सांगा." बापू आले, त्यांची घडीची खुर्ची घेऊन आले. दहा मिनिटांत खुर्चीतून उठून उभे! "अहो ताई, डोळे उघडा, ही तर आपली कबड्डी! नुसता मध्ये चेंडू घुसडलाय!"

मग त्यांनीच मला समजावलं. एक पोरगी चेंडू घेऊन धावत येते, समोरच्या पोरी तिला पकडतात. पकडली गेली की तिनं उठून पायानं चेंडू मागे ढकलायचा, पुन्हा दुसरीनं धावायचं. असं सहा वेळा पकडलं गेलं की चेंडू गेला दुसऱ्यांकडे. बापूंना त्या पकडीतच रस. त्यानंतर प्रॅक्टिसलासुद्धा यायला लागले. एकदा तर त्यांनी आपल्या पोरींना कबड्डीसारखी हातात हात घालून साखळी करायला लावली. समोरची पोरगी वळू सुटावा तशी आली आणि साखळीतल्या दोघींना फरपटत दहा पावलं घेऊन गेली. डॅन पोट धरून हसत होता. बापू गोरेमोरे झाले. "चुकलं, चुकलं... साखळी मनात ठेवायची, हातात नाही," असं मराठीतच म्हणाले, आणि सईनं ते सगळ्यांना इंग्लिशमध्ये सांगितलं. पोरी त्यांना 'बापू' म्हणायला लागल्या, 'बा' लांबवून. त्यांना ते फार आवडायचं.

शेवटच्या सामन्यात सई पडली. एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन येत होती, सई तिच्या पायांवर झेपावली, आणि त्या मुलीचा गुडघा सईच्या कानशिलाला लागला. सई पडली ती उठेना. माझे डोळे त्या दिवशी नेमके उघडे होते. मी उठले, पण पाय पुढे जाईनात. किती वेळ गेला कोण जाणे, अर्धा मिनिट असेल, डॅन तिच्याजवळ गुडघ्यावर बसलेला, आणि मी माझ्या एकुलत्या एका नातीकडे बघत खांबासारखी उभी... मग तिचा एक हात हलला. मेंदूला मार बसला होता. कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होती, फोन नाही, पुस्तक नाही. मी उशाशी बसून तिचा श्वास मोजायची. बरी झाली, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. अजून भांडं पडल्याचा आवाज झाला की मी आधी वरच्या मजल्यावर धावते.

त्या सामन्यानंतरच्या आठवड्यात तळ्याकाठी बापूंनी जाकिटाच्या खिशातून चौघडी केलेला एक कागद काढला. "ताई, पुढच्या सीझनसाठी लिहितोय. टीम का हरते आणि काय केलं तर हरणार नाही, सगळं. माझं इंग्लिश असलं, आणि सईला मराठी कळतं पण वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवा." मी स्वतः सातवीपर्यंतच शाळेत गेले, पुढचं लिहिणं-वाचणं आपलं आपण जमवलं, त्यामुळे कुणी माझ्यावर वाचायचं काम सोपवलं की एरवी मला मूठभर मांस चढतं. त्या दिवशी नाही चढलं. बापूंची शिकवायची पद्धत अशी, की एक धडा अंगात उतरल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. म्हणाले, "हे पहिलं पान तिला कळलं की मला सांगा, मग दुसरं देतो. नाही कळलं तर मी येऊन करून दाखवीन."

मी तो कागद घरी आणला आणि न उघडता बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला.

माझा हिशेब साधा होता. सईला हे सगळं मिळालं तर तिचा उत्साह वाढणार, ती पुन्हा खेळणार. नाही मिळालं तर कदाचित आपोआप विसरेल. चार दिवसांनी बापूंनी विचारलं, "पहिलं पान कळलं का?" मी म्हटलं, "कळलं." इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्यांनी दुसरं पान दिलं. मग तिसरं. कधी मी वरून तिखटमीठ लावायची, "सई म्हणत होती, बापूआजोबा किती बारीक बघतात!" म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलायचा... थंडीत प्रॅक्टिस बंद, सईची आणि बापूंची गाठ पडत नव्हती, म्हणून सगळा हिवाळा असा गेला. नऊ पानं झाली. पानागणिक माझी भीती वाढत गेली, कारण आता आधीचं सगळं कबूल केल्याशिवाय थांबताच येईना. रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज दुसऱ्या बाकापाशी ते छातीवर हात ठेवून बदकं बघायचे, आणि मला वाटायचं, यांना आत्ता धक्का नको.

आमची शेवटची भेट अशीच. वारा बोचरा होता. ते म्हणाले, "आता एकच पान राहिलं. ते जरा विचार करून लिहितोय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुम्ही अजून घाबरता ना?" मी म्हटलं, "छे, आता नाही." ते हसले. "मी घाबरतो बुवा," म्हणाले. त्यानंतर दोन दिवसांनी तेजश्रीचा फोन.

बापूंचे दिवस झाले. सई त्यांच्या फोटोपुढे हात जोडून गुपचूप रडली. मी मनात म्हटलं, आता हा विषयच संपला, डबा कधीतरी रिकामा करू. आणि एप्रिलमध्ये एका सकाळी सई सीरियल खाता खाता म्हणाली, "आजी, डॉक्टरनी क्लिअर केलं मला. दोनदा प्रॅक्टिसला जाऊन पण आले. डोन्ट फ्रीक आऊट, ओके? आज टॅकलिंग, म्हणजे बापूआजोबांच्या पकडी, सुरू होणार." आणि बॅग उचलून कॉलेजला गेली. तिथूनच संध्याकाळी मैदानावर जाणार होती.

दुपारभर मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी खुर्ची घेऊन डबा खाली काढला आणि पहिलं पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरात, शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं लिहिलेलं: 'सई पडली ते खेळामुळे नाही. डोकं चुकीच्या बाजूला होतं. पकड करताना आपलं डोकं चेंडूवालीच्या पुढ्यात घालायचं नाही, पाठीकडे ठेवायचं. पुढ्यात गेलं की गुडघा लागणारच. टीममधल्या चार मुली हेच करतात. हे अंगात बसेपर्यंत दुसरं काही शिकवू नये. हे बसलं नाही तर सईला मैदानात उतरू देऊ नका.' खाली एक चित्र, काड्यांची दोन माणसं, आणि डोक्याभोवती गोल.

'नाही कळलं तर मी येऊन करून दाखवीन' म्हणाले होते. मी 'कळलं' म्हटलं, म्हणून ते आले नाहीत. माझ्या नातीच्या जिवाची जी एक गोष्ट होती तीच मी तिच्यापासून लपवली, का, तर तिच्या जिवाची काळजी म्हणून! सईला फोन लावला, उचलेना. फोन बॅगेत असणार. पुन्हा लावला. मला गाडी चालवता येत नाही, लेक-जावई ट्रेनमध्ये. मी तेजश्रीला फोन केला, ती घरून काम करत होती. म्हटलं, "बाई, काही विचारू नकोस, मला मैदानावर सोड."

तेजश्री तशीच गाडी घेऊन आली. एका सिग्नलला तिनं गाडीच्या खणातून चौघडी केलेला कागद काढला. "बाबांच्या जाकिटात सापडला, मावशी. तुमचं नाव आहे वर. द्यायचं राहूनच गेलं." मी तो मुठीत धरला. वाचायला डोळे कुठे होते!

पोचले तेव्हा पोरी रांगेत उभ्या होत्या. एकीनं धावत यायचं, दुसरीनं पकडायचं. सईचा नंबर आलेला, ती गुडघ्यात वाकून तयार. मी तशीच, जाकीट आणि चपलांवर, सरळ मैदानात चालत गेले. डॅननं शिटी मारली. सई लालबुंद. "आजी! यू कान्ट जस्ट वॉक इन!"

"आधी डोकं," मी म्हटलं. "आधी हे पान ऐक, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल." आणि त्या सगळ्या पोरींसमोर मी मोठ्यानं पहिलं पान वाचलं. मग नऊ पानांचं आणि डब्याचंही सांगितलं. सई म्हणाली, "म्हणजे बापूआजोबांना वाटत होतं, हे मला ऑलरेडी माहितीये?"

मी म्हटलं, "हो."

तिचे डोळे भरले. मला वाटलं, ही आता मला कायमची परकी करणार. पण तिनं हेल्मेटसारखी मऊ टोपी डोक्यावरून काढली, माझ्याजवळ आली, आणि म्हणाली, "रीड इट अगेन. हळू." मी एक एक वाक्य वाचत गेले, ती एक एक वाक्य पोरींना सांगत गेली. डॅननं ती काड्यांची माणसं निरखून बघितली आणि तेवढंच एक पान तासभर करून घेतलं. दुसरं काही नाही.

तेजश्रीनं गाडीच्या डिकीतून बापूंची घडीची खुर्ची आणून मांडली होती. तिच्यात बसून मी तो शेवटचा कागद उघडला. 'हे पान सईचं नाही, ताईंचं. चौथ्या पकडीनंतर पोरी दमतात. दमल्या की सगळ्यात आधी डोकं चुकतं, आणि ते त्यांचं त्यांना कळत नाही, बाहेरून दिसतं. म्हणून बाहेर एक माणूस हवा, ज्यानं चेंडू बघायचा नाही, फक्त डोकी बघायची आणि ओरडायचं. मला ओरडलं की दम लागतो. ताई चेंडू बघतच नाहीत. त्या घाबरतात, त्यामुळे त्यांना माझ्याआधी दिसेल. आवाजही मोठा आहे.'

त्यांना माझं खोटं कळलं होतं का? मला माहीत नाही. कितीदा वाचलं तरी त्या कागदातून ते कळत नाही.

आता मंगळवार-गुरुवार मी त्या खुर्चीत बसते. बापू डावीकडे रेलून बसायचे, तिचं कापड त्या बाजूला झोळीसारखं झालंय, आणि पेला ठेवायच्या जाळीत त्यांनी चघळलेल्या वेलदोड्यांची सालं आहेत. ती मी काढलेली नाहीत. चेंडू कुठे गेला ते मला अजूनही सांगता येणार नाही. मी "डोकं!" म्हणून ओरडते, आणि तेरा पोरींची तेरा डोकी जागच्या जागी येतात. बहुतेक वेळा येतात. एखादं येत नाही तेव्हा मी पुन्हा ओरडते. सराव सामना परवा हरलोच आम्ही, पण एकही पोर आडवी राहिली नाही.

सकाळी तळ्याला फेरी मारते. दुसऱ्या बाकापाशी आले की पाय आपोआप थांबतात, दम लागलेला नसतो तरी थांबतात. बदकं बघते. शेजारून तो प्रश्न येतोच, पहिलं पान कळलं का?... आता खरं सांगते. नाही, बापू. अजून पहिल्याच पानावर आहोत.