कंट्रोलरकाकांच्या मातीची तालीम

आमच्या आष्टीत मरण सगळ्यांनाच येतं, पण त्याची रीतसर तालीम करणारा माणूस आजवर एकच झाला आणि तो आमच्या शेजारी राहतो. सगळा गाव त्यांना कंट्रोलरकाका म्हणतो. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर गाड्या सोडण्यात घालवली. कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार आणि कधी हलणार हे ठरवता ठरवता त्यांचा असा समज झाला की जगात जे जे हलतं, ते कुणीतरी शिट्टी मारल्याशिवाय हलताच कामा नये. निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत. मग त्यांनी स्वतःलाच सोडण्याची तयारी सुरू केली.

काका ख्रिस्ती. रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसायचे आणि उपदेश चालू असताना घड्याळ बघायचे. एकदा पाळकसाहेबांनी सांगितलं की आपला सगळा भार देवावर सोडावा आणि निवांत राहावं, कारण त्याची आपल्यावर आईबापापेक्षा जास्त माया आहे. उपासना संपताच काकांनी त्यांना दाराशी गाठलं. "सायेब, देव बघतो हे मान्य हाय मला. पण त्याला आधी कळवायला नगं का?" पाळकसाहेब हसले. काका हसले नाहीत. ते देवाला खरोखरच सगळं आधी कळवत. पुतण्या नोकरीसाठी नगरला गेला तेव्हा भिंतीपलीकडून मला त्यांची प्रार्थना ऐकू आली होती. "बापा, मुलाखत जुन्या इमारतीत हाय, नव्या न्हाई. तू नव्या इमारतीत जाऊन बसशील, तिकडं त्याची पंचाईत व्हईल."

सागवानाची शवपेटी त्यांनी हयातीतच करून घेतली आणि बैठकीत खिडकीखाली ठेवली. सुताराला त्यांनी इतक्या वेळा परत बोलावलं की तो शेवटी म्हणाला, "काका, तुमी एकदाचं जावा तरी, न्हाईतर मला तरी जाऊ द्या." काकूंनी त्या पेटीत कुरडया-पापडांचे डबे आणि पाहुण्यांच्या वाकळा भरून ठेवल्या. काकू म्हणजे अगदी उलट प्रकृती. चुलीवर भात ठेवून त्या शेजारी गप्पा मारायला जात आणि भात कधी करपत नसे. काकांना त्याचं भारी आश्चर्य वाटे. "कावून करपत न्हाई गं तुझा भात?" असं ते विचारत आणि काकू म्हणत, "त्याला काय माहीत मी घरात न्हाई ते."

काका जिला 'कार्यक्रम' म्हणत ती मातीची तालीम दरवर्षी सुगी झाल्यावर अंगणात व्हायची. गल्लीतल्या प्रत्येकाला काम वाटून दिलेलं. माझ्याकडे टेम्पो, म्हणून मला पेटी न्यायची. हॉर्न वाजवायचा नाही, गाडी दुसऱ्या गिअरवर ठेवायची आणि पिठाच्या गिरणीपुढचा खड्डा डावीकडून चुकवायचा. डबे-वाकळा बाहेर निघत, काका घड्याळ सांभाळत आत आडवे होत आणि खांदेकरी त्यांना उचलत. मग आतून आवाज येई, "डावीकडचे ढिले पडले! पाय खाली चाललेत माझे!" काकूंनी आधी गायन होऊ द्यायचं आणि मग रडायचं, असं ठरलेलं होतं. "आन मला हसू आलं तर?" काकू विचारायच्या, आणि त्यांना ते यायचंच. पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसत की लांबून बघणाऱ्याला खरंच कुणी गेलंय असं वाटे. मग सगळ्यांना चहा मिळायचा. पेटीतून उठून काका चुका सांगायचे.

कबरस्थानात कडुनिंबाखालची जागा धरून त्यांनी कबरही खोदून, विटांनी बांधून घेतली होती. तिच्यात एकदा धनगराची शेळी पडली. धनगर काठी आपटत दारात आला. "ओ कंट्रोलर, जायाचं नसंल तर खड्डा कशाला करून ठिवला?" शेळीला दुखापत झाली नव्हती, पण काकांनी दुसऱ्याच दिवशी कबरीवर फळ्या टाकल्या आणि शेळीची रोज विचारपूस केली. त्यांची काळजी अशी होती. ती कुणालाच सोडत नसे.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी काकू उन्हात मेथी निवडत बसल्या होत्या. "जरा पडते," म्हणून आत गेल्या आणि पडल्या त्या पडल्याच. माझी आई धावत मला बोलवायला आली. मी पोचलो तेव्हा काका ओट्यावर उभे होते आणि अर्धी निवडलेली मेथी सुपात तशीच होती. माणसं जमली आणि सवयीने सगळे काकांकडे बघू लागले. कुणाला पाठवायचं? पाळकांना कधी बोलवायचं? काकांनी मनगट वर केलं, घड्याळाकडे बघितलं, पण त्यांना ते वाचता येत नसावं. हात तसाच खाली आला. "मला न्हाई ठावं," ते म्हणाले. "हिचं कायबी ठरवलं न्हवतं मी. ही माझ्या मागून येणार हुती."

मग जो तो सुचेल ते करू लागला. बायकांनी पेटी रिकामी केली, पापडांचे डबे ओट्यावर मांडले. काकू लहान चणीच्या, पेटी काकांच्या मापाची. पायाशी जागा उरली. काका त्या उरलेल्या जागेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिला थंडी वाजंल." आईने काकूंचीच एक वाकळ घडी करून तिथे ठेवली. गायन कोणतं म्हणायचं, असं पाळकसाहेबांनी विचारलं, तेव्हा काका गोंधळले. स्वतःसाठी त्यांनी सगळी गायनं निवडली होती. काकूंना कोणतं आवडतं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी समोरच्या घरातली भाकऱ्या थापणारी मावशी पुढे झाली. ती ख्रिस्ती नव्हे, पण काकू परसात काय गुणगुणत ते तिला पाठ होतं. तिने बेसूर सुरुवात केली आणि बाकीचे मागून आले. गायन संपायच्या आत सगळे रडत होते.

टेम्पोत काका मागे पेटीजवळ बसले. गिरणीपुढचा खड्डा माझ्याकडून चुकला नाही; गाडी सबंध हादरली. मी आरशात बघितलं. काका पेटीवर हात ठेवून बसले होते. "चालू दे," ते एवढंच म्हणाले.

कबरस्थानात धनगर आला होता, जुने ड्रायव्हर-कंडक्टर आले होते, आणि कुणालाच कुणी बोलावलं नव्हतं. कडुनिंबाखालच्या त्या बांधून ठेवलेल्या कबरीत काकूंना उतरवलं. पाळकसाहेब म्हणाले, "काका, प्रार्थना तुम्हीच करा." आम्ही लांबलचक सूचनांच्या तयारीने माना खाली घातल्या. मग काकांचा आवाज आला, फलाटावरचा नव्हे, वेगळाच.

"बापा, मला कायबी ठरवता येईना. हिच्यावर तुझी माया माझ्याहून जादा हाय, एवढंच आज मी धरून ऱ्हातो. हिला तुझ्या हवाली करतो. आन मलाबी. आमेन."

त्यानंतर तालीम झाली नाही. दुसरी पेटी झाली नाही, कबरीला जागाही धरली नाही. कुणी विचारलं तर काका म्हणतात, "तुमी हाय की. आन वरचा हाय."

परवा दुपार कलताना मी त्यांच्याकडे गेलो होतो. मागच्या रानात करडई फुलली होती आणि वाऱ्याबरोबर तिचा पिवळा रंग अंगणापर्यंत येतोय असं वाटत होतं. काका बाजेवर पाय लांब करून पडले होते. म्हणाले, "काल सपान पडलं. मी एवढासा हाय आन बाजाराच्या गर्दीत कुणीतरी मला खांद्यावर घेऊन चाललंय. तोंड दिसंना, पर हात वळखीचे. खालून बैल चाललेत, टोपल्या चालल्यात. मी आपला वरून बघतोय. लई ग्वाड वाटत हुतं."

"कुठं चालला होतात?" मी विचारलं.

"इचारलंच न्हाई मी," काका म्हणाले. ते आणखी काहीतरी सांगणार होते, पण डोळे मिटले आणि बोलता बोलताच त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, दोन्ही तळवे मोकळे. उन्हं उतरेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. उठवावंसं वाटलं नाही.