गुंडोला फलाटावर बसवलं तो रविवार

गिरिधर हेरवाडकर मूळचे कुरुंदवाडचे. रेल्वेच्या नोकरीने त्यांना चेन्नईजवळच्या तांबरमला आणलं आणि तीस वर्षांत ते तिथलेच होऊन गेले. घरात बायको सुनीती, मुलगी ऊर्मी आणि धाकटा भाऊ गुंडो. गुंडोचं वय सत्तेचाळीस, पण समज सात-आठ वर्षांच्या पोराएवढी. आई गेल्यावर गिरिधरांनी त्याला आपल्याकडे आणलं. त्याची दाढी करण्यापासून भात कालवून देण्यापर्यंत सगळं ते स्वतः करत. लोक त्यांचं कौतुक करत आणि ते त्यांना आवडेही.

ऊर्मीची दोन स्थळं मात्र गुंडोला बघून परत गेली. "घराण्यातच काही आहे का?" असं एका बाईंनी तोंडावर विचारलं. त्यानंतर चेन्नईतच वेलचेरीत राहणाऱ्या आशिषचं स्थळ आलं. ऊर्मीलाही तो मनापासून आवडला. त्याचे आईवडील नाशिकहून बघायला यायचे ठरले, तेव्हा गिरिधरांच्या मनात नको ते आलं.

"गुंडोला दोन तास मीनाक्षीअम्मांकडे ठेवतो," ते रविवारी सकाळी म्हणाले. सुनीतीला ते रुचलं नाही, पण तिने अडवलं नाही.

खालच्या मजल्यावर मीनाक्षीअम्मांच्या दाराला कुलूप होतं. पाहुणे यायला अर्धा तास उरला होता. गिरिधर गुंडोचा हात धरून तडक स्टेशनात गेले. फलाटाच्या टोकाला एक बाक रिकामा होता. त्यावर त्याला बसवून त्यांनी मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकलीची, पुडी हातात दिली.

"मी येईपर्यंत इथून उठायचं नाही."

"उठत नाही. तू येणार ना, दादा?"

"येतो की."

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पाहुणे आले, रमले, आग्रहाने जेवायलाही थांबले. आशिषचे वडील उमाकांतराव बोलता बोलता म्हणाले, "घरी तुम्ही कोण कोण?"

"आम्ही तिघंच," गिरिधर म्हणाले.

सरबताचा ट्रे घेऊन आलेली ऊर्मी दारातच थबकली. सुनीतीने मान खाली घातली.

तीन वाजता पाहुणे निघाले. सुनीती चप्पल घालत म्हणाली, "भाऊजींना घेऊन येते."

"तो तिथे नाही," गिरिधर म्हणाले, आणि मग त्यांना सगळं सांगावंच लागलं. ऊर्मी त्यांच्या आधी जिना उतरली.

गुंडो त्याच बाकावर होता. सावली केव्हाच सरली होती आणि उन्हाने त्याचा अर्धा चेहरा लाल झाला होता. पँट ओली होती. शेजारच्या बाकावरची माणसं तोंड फिरवून बसली होती.

"दादा, मी उठलो नाही," तो म्हणाला. "खूप लागली होती. पण तू नको म्हणालास ना."

"भीती वाटली का रे?"

"नाही. तू येतो म्हणाला होतास."

गिरिधरांना वाटलं, याने रडावं, निदान रुसावं तरी. गुंडो फक्त ओली पँट हातांनी झाकून उभा राहिला. ऊर्मीने आपली ओढणी त्याच्या कमरेला गुंडाळली आणि त्याला घरी आणलं. गिरिधर चार पावलं मागून चालत होते.

संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, मी आशिषला खरं सांगणार आहे. तुम्ही सांगणार असाल तर थांबते."

त्यांनी फोन उचलला. "आम्ही चौघं आहोत," ते उमाकांतरावांना म्हणाले. भाऊ आजारी म्हणून शेजारी ठेवला होता, एवढं खोटं सांगूनही भागलं असतं. पण तसं बोलायला जीभ वळेना. त्यांनी बाकापर्यंतचं सगळं सांगून टाकलं.

आठ दिवसांनी नकार आला. "भावाचं काही नव्हतं हो," उमाकांतराव म्हणाले. "तो तसा आहे म्हणून आम्ही मागे फिरलो नसतो. तुम्ही त्याला सोडून आलात, ते मनातून जात नाही."

हे वाक्य गिरिधरांनी ऊर्मीला जसंच्या तसं सांगितलं. ती खूप रडली. पंधरा दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मग एकदा तिने स्थळांना पाठवायची स्वतःची माहिती नव्याने टाइप करून त्यांच्यापुढे ठेवली. कुटुंबाच्या रकान्यात आईवडिलांच्या खाली लिहिलं होतं: काका गुंडो, आमच्याबरोबर राहतात.

गिरिधर अजूनही गुंडोची दाढी करतात, पण आता त्याच्या डोळ्यांकडे बघणं टाळतात. गुंडोने त्या रविवारचं नाव कधी काढलेलं नाही. कुणी त्यांच्या भाऊप्रेमाचं कौतुक केलं की ते काहीतरी कारण काढून तिथून उठतात.

गेल्या महिन्यात ऊर्मीला बघायला हुबळीचे पाहुणे आले. दार गिरिधरांनीच उघडलं, गुंडोला बरोबर घेऊन. "हा माझा धाकटा भाऊ," ते आधी म्हणाले. पाहुण्यांनी गुंडोशी चार शब्द बोलून घेतले, पोहे खाल्ले आणि ते गेले.

उत्तर अजून आलेलं नाही. सुनीती रोज देवापुढे दिवा लावताना म्हणते, "येईल. आपलं माणूस कुठेतरी असेलच." गिरिधरांना स्वतःला तसं म्हणायचा धीर होत नाही. पण ती म्हणते तेव्हा ते हातातलं काम बाजूला ठेवतात आणि तिच्याशेजारी हात जोडून उभे राहतात.