मेलेल्या माणसांची पारख करणारा माझा भाऊ

कोरगावात माझ्यासारखा बोलणारा माणूस नाही. हे मी नाही, गाव म्हणतो. भाटातलं, म्हणजे बागायतीतलं, भांडण असो की लग्नाची बोलणी, "हरीला बोलवा" असंच होतं. शिक्षण सातवी. पण माझा धाकटा भाऊ रुद्रेश सुट्टीला गावात आला की तेच लोक मला सोडून त्याच्याभोवती जमतात. जळतं मला. खरं ते सांगतो.

त्याला शिकवलं कुणी? मी. बाबा लवकर गेले. काजूचं भाट मी राखलं, फेणीची भट्टी मी लावली, आणि हा हैदराबादेला जाऊन अरबी शिकला. आपल्या पोराला अरबी कशाला, हे गावानं मला विचारलं, त्याला नाही. आता तो तिथंच कॉलेजात शिकवतो.

काय शिकवतो ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मुसलमानांच्या पैगंबरांची वचनं, हदीस म्हणतात त्यांना, ती बरीचशी तोंडोतोंडी चालत आली. ह्यानं त्याला सांगितलं, त्यानं पुढच्याला. मग त्यांच्या जुन्या पंडितांनी सांगणाऱ्या एकेका माणसाची चौकशी केली. खरं बोलायचा का, लक्षात नीट राहायचं का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला कधी भेटला तरी होता का. हजारो माणसांची अशी पारख करून ग्रंथ लिहिले. रुद्रेश ते ग्रंथ वाचतो.

"हजार वर्षांमागं मेलेल्यांची अब्रू तपासतो आमचा भाऊ," असं मी बाल्कांवावर, दारापुढच्या बाकावर, बसून सांगायचो. लोक हसायचे. आणि मग खुर्ची त्याच्याकडे ओढून, "आणखी सांग मरे रुद्रेश!"

गेल्या दसऱ्याआधी मात्र त्याची विद्या माझ्याच घरावर आली.

दसऱ्याला आमच्याकडे देवाचं तरंग फिरतं. उंच खांब, त्याला साड्या नेसवलेल्या. आमच्या वाडीत आल्यावर पहिली ओवाळणी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, की शेजारच्या दत्तारामाच्या, हा जुना वाद. भांडण नको म्हणून काही वर्षं तरंग रस्त्यावरच थांबवत होते. त्या वर्षी देवळाच्या कमिटीच्या मंगेशकाकांनी देवळात बैठक घेतली. एकदाच काय तो निकाल.

मला हा मान हवा होता. आमचा आजो सांगून गेलेला, त्याचा शब्द होता तो.

"पुरावो काय तुझ्याकडं?" दत्ताराम म्हणाला. "तू तोंडान गाव जिंकशील, पण देवासमोर तोंड चालणार नाय हां."

"माझ्या आज्याचा शब्द हाच पुरावा!"

मंगेशकाका सुट्टीवर आलेल्या रुद्रेशकडे वळले. "तू ह्याच कामातला मरे. कुणाचं खरं धरायचं, तूच सांग."

मी इथं बसलोय थोरला, आणि विचारतात धाकट्याला! रुद्रेशनं आधी नको नको केलं. मग मला म्हणाला, "दादा, आजो काय म्हणाला ते तसंच सांग. एक शब्द इकडंतिकडं करू नकोस."

मला शिकवतो. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "आजो खाटेवर होता. मी पेज घेऊन गेलो. माझा हात धरला आणि म्हणाला, जयरामा, तरंग पयलं आपल्या खळ्यात येता, मान सोडू नको."

"जयराम कोण?" दत्तारामानं विचारलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जयराम म्हणजे आज्याचा भाऊ. मी जन्मायच्या आधी वारलेला.

रुद्रेश हळूच म्हणाला, "हे आजो बावीवर पाणी काढताना पडला, डोक्याला लागलं, त्याच्या आधीचं की नंतरचं?"

"नंतरचं."

"म्हातारपणी ज्यांची आठवण बिघडली, त्यांचं आधीचं सांगणं ते पंडित घेत. नंतरचं बाजूला ठेवत. आज्यानं दादालाच आपला भाऊ समजलं. हे मला धरता येत नाही, काका."

माझ्या सख्ख्या भावानं. भर देवळात. मी म्हटलं, "आपल्या आज्याला खोटा पाडतोस?"

"खोटा नाही रे दादा. आजारी."

मग दत्तारामाच्या आईला, सुशीलाकाकीला बोलावलं. तिचं डोकं अजून लखलखीत. लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगणात पहिली ओवाळणी केलेली. डोळ्यांनी बघितलेलं. मान त्यांच्याकडे गेला.

दत्ताराम लगेच माझ्या मागं लागला. "आणि हो तुझो दादा? ह्याचा कितपत धरायचा?"

मला वाटलं, आता संपलो. रुद्रेश म्हणाला, "दादा स्वतःच्या मोठेपणात मीठमसाला घालतो, ते सगळ्यांना ठाऊक. पण ते जयराम नाव त्याला गाळता आलं असतं. गाळलं नाही. दुसऱ्याचं ऐकलेलं तो जसंच्या तसं देतो. अशा माणसाचं मी धरतो."

लोकांनी माना डोलावल्या. मला काय वाटलं सांगू? एवढी वर्षं ह्या गावात बोलतोय, कुणी माझ्यासाठी अशी मान डोलावली नव्हती. आणि डोलावली ती ह्याच्या शब्दावर.

दसऱ्याला तरंग आधी दत्तारामाकडे गेलं. आमच्या दारात माझी बायको सुविधा आरती घेऊन ताटकळत उभी. म्हणाली, "तोंड सारकं करा. देव येतोय." केलं.

दुसऱ्या दिवशी मंगेशकाका बाल्कांवावर आले. देवळापुढची जुनी वाट कुठून जायची, बाबांकडून काय ऐकलंय, ते मला विचारायला. "रुद्रेश म्हणालो ना, तू ऐकलेलं बदलत नाहीस."

रुद्रेश तिथंच बसून चहात उंडो पाव बुडवत होता. कान इकडंच.

मी म्हटलं, "सांगतो काका, सगळं सांगतो. पण आधी ह्याला आत पाठवा."