दातांनी ऐकणारा ओनेझीम

ओनेझीम,

तुझा स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे आहे. लाकडी मुठीचा, मुठीवर तुझ्या दातांचे वण असलेला. मी तो ढापलेला नाही. मे महिन्यात घर तापवायची भट्टी बंद केली की आणून द्या, असं तूच म्हणाला होतास आणि मी हो म्हटलं होतं. आता तू कनेटिकटला लेकीकडे. तिथं म्हणे गॅस आहे आणि भट्टीचा आवाजच येत नाही. मग तू दिवसभर ऐकतोस तरी काय? ते सावकाश कळव. पाचवीत शुद्धलेखनावरून मी तुला पुष्कळ बोलले आहे, आता चुका मोजणार नाही. पण आधी ती गेल्या ऑक्टोबरातली हकिकत एकदा नीट लिहून काढते, कारण तू ती कुणाला सांगायचा नाहीस. ‘मी’ घालून लिहिलं की माणूस स्वतःला सावरून घेतो, म्हणून दुसऱ्या कुणाची असल्यासारखी लिहिते.

लोरेत तेरिओ चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नदीकाठच्या शाळेत चाळीस वर्षं शिकवलं, त्यामुळे निम्मं खोरं त्यांना बाईच म्हणतं. त्यांचे यजमान आदेलार एप्रिलमध्ये गेले, आणि घराचं बूड झाकायची पाळी पहिल्यांदाच बाईंवर आली. बटाट्याची काढणी आटोपली की इथं प्रत्येक घराच्या पायाला चारी बाजूंनी फरच्या झाडाच्या फांद्या दाबून लावतात. त्यावर बर्फ बसला की तळघरात वारा शिरत नाही. आदेलार हे काम दरवर्षी करायचे आणि दरवर्षी उत्तरेकडचा एक कोपरा हातभर उघडा सोडायचे. “फांद्या संपल्या,” म्हणायचे. एकतीस वर्षं फांद्या त्याच कोपऱ्यात संपत होत्या आणि एकतीस वर्षं बाई त्यांना आळशी म्हणत होत्या.

त्या वर्षी एका शनिवारी बाईंनी स्वतः फांद्या लावल्या. त्या कोपऱ्यात दगडाला एक फट दिसली, ती नीट न बघताच जुन्या गोधडीनं गच्च बुजवली आणि वर फांद्यांचा दुहेरी थर दिला. काम कसं करायचं असतं ते आदेलारना वर बसून दिसू दे, असं मनात म्हणाल्या.

आदल्याच दिवशी, शुक्रवारी, ओनेझीम मिशो येऊन तळघरातल्या तेलाच्या भट्टीची वार्षिक साफसफाई करून गेला होता. नोझल नवं, फिल्टर नवा, काजळी झाडलेली. रविवारी सकाळी भट्टी पेटली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात बश्या थरथरायला लागल्या. खालून घुरघुर यायची, दबायची, पुन्हा यायची. बाई प्लॉय भाजत होत्या, कुट्टूच्या पिठाची ती पातळ धिरडी. तव्याखाली जमीन कापते आहे असं वाटून त्यांनी तवाच खाली उतरवला.

सोमवारी त्यांनी तेलकंपनीत फोन लावला. मालक नॉर्मां स्वतः बोलला. तोही त्यांचाच विद्यार्थी, गणितात बरा.

“बाई, या पंधरवड्यातली ही तिसरी तक्रार. ओनेझीमला ऐकू येत नाही हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. ज्याला आवाज ऐकू येत नाही तो भट्टी काय जुळवणार?”

“मग पाठवतोस कशाला?”

“चौतीस वर्षं काम केलंय त्यानं, म्हणून. आज शेवटचा पाठवतो. तुमच्या भट्टीचा आवाज गेला नाही तर संध्याकाळी कंपनीच्या गाडीच्या किल्ल्या घेतो त्याच्याकडून.”

“ते तुझं तू बघ,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. घर हलत असताना दुसऱ्याच्या किल्ल्यांचा विचार करायला त्यांना सवड नव्हती.

ओनेझीम दहा वाजता आला. त्रेसष्ट वर्षांचा, खांद्यात वाकलेला, ऐकू येत नसल्यामुळे सगळं मोठ्यानं बोलणारा.

“बाई, नॉर्मांनं किल्ल्यांचं सांगितलं का तुम्हाला?” त्यानं दारातूनच विचारलं.

“सांगितलं. ओरडू नकोस, मी बहिरी नाही.”

“मीच आहे. म्हणून ओरडतो. तुम्हीही ओरडा, दोघं सारखे होऊ.”

तळघरात उतरल्यावर तो हत्यारं काढून भट्टी उघडेल, अशी बाईंची अपेक्षा होती. त्यानं दिवा घालवला. छोट्या काचेच्या झरोक्यातून नारिंगी उजेड दिसत होता आणि तो लयीत कमी-जास्त होत होता. ओनेझीमनं बटाट्याचं लाकडी पिंप उलटं घातलं, त्यावर बसला, खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक मोटरच्या लोखंडाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. मग डोळे मिटले.

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांना एकदम बावन्न-त्रेपन्न वर्षांपूर्वीचा वर्ग दिसला. शेवटच्या बाकावर गाल टेकून बसणारा मिशोंचा मुलगा, हाच. झोपतोस काय म्हणून त्यांनी त्याला उभं केलं होतं. “झोपलो नाही बाई, नदीपलीकडून मालगाडी निघालीय, ती ऐकतोय,” तो म्हणाला होता. नदीपलीकडे कॅनडा. वर्गात कुणालाच गाडी ऐकू आली नव्हती. खोटं बोलल्याबद्दल बाईंनी त्याला तासभर कोपऱ्यात ठेवलं. खिडकीपुढून गाडीचा धूर सरकत गेला तेव्हा त्या फळ्यावर लिहीत होत्या. तो धूर त्यांनी पाहिला होता. कोपऱ्यातून त्याला बोलावलं मात्र नव्हतं.

ओनेझीमनं टोक मोटरवरून पंपावर नेलं, पंपावरून तेलाच्या नळीवर, नळीवरून भट्टीच्या दारावर. प्रत्येक ठिकाणी एखाद्या आजाऱ्याची नाडी बघावी तसा थांबला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की बाईंनी श्वास हळू घ्यायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत त्यांच्या वर्गात इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं, त्यांनी स्वतःही कुणाकडे दिलं नव्हतं.

“मोटर ठीक,” तो म्हणाला. “पंप ठीक. शुक्रवारी मी लावलेलं सगळं ठीक आहे. तुम्ही ऐका.”

“मी?”

मूठ बाहीला पुसून त्यानं पुढे केली. “चावा. घट्ट. दातांनीच ऐकू येतं, माझं कानांवाचून कधीच अडलं नाही.”

असल्या वस्तू तोंडात घालायच्या नसतात, हे बाईंनी हजार मुलांना सांगितलेलं. पण नाही म्हणवेना. त्या पिंपावर बसल्या आणि त्यांनी मूठ दातांत धरली.

घराचा आतला आवाज त्यांच्या कवटीत शिरला. आधी मोटरचा एकसुरी गुणगुणाट, खाली पंपाच्या दातऱ्यांची टिकटिक, त्याच्याही खाली बारीक फुसकारा, तेल तुषार होऊन सुटत असलेलं. आणि या सगळ्याच्या तळाशी जाळ. एकतीस वर्षं हा जाळ त्यांच्या पायाखाली होता आणि तो जिवंत असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंच्या अंगावर काटा आला. चर्चमध्ये ऑर्गनचा सर्वांत खालचा सूर लागल्यावर यायचा तसा.

“काय म्हणतो जाळ?” ओनेझीमनं विचारलं. परीक्षा घेतल्यासारखं.

बाईंनी मूठ काढली. “धापा टाकतोय.”

“बरोबर. माणूस धापा कधी टाकतो?”

“धावल्यावर. किंवा हवा मिळेनाशी झाली की.”

“हा तर कुठं धावलेला नाही.”

त्यानं जिना चढून तळघराचं दार सताड उघडलं. घुरघुर दोन-तीन श्वासांत बसली. झरोक्यातला उजेड स्थिर झाला. वर फडताळातल्या बश्या गप्प झाल्या. त्यानं दार लावलं, पुन्हा घुरघुर. उघडलं, शांत. मग तो बाईंकडे पाहत राहिला.

बाई उठल्या आणि कोट न घालता बाहेर गेल्या.

उत्तरेच्या कोपऱ्यातल्या फांद्या त्यांनी दोन्ही हातांनी ओढून काढल्या. ओनेझीमनं गोधडी उपसली. आत वीतभर चौकोनी भोक होतं, त्याला जाळी, जाळीच्या कडा सुबक दुमडलेल्या.

“हे मी एकोणीसशे त्रेसष्ट साली पाडलं, भट्टी बसवली तेव्हा,” तो म्हणाला. “तुमचं तळघर घट्ट आहे, जाळाला बाहेरची हवा पाहिजे. आदेलारला सांगितलं होतं, बूड झाकशील तेव्हा हा कोपरा सोडायचा. एकदाही विसरला नाही.”

“मला का नाही बोलले?”

“तो म्हणाला, बाईला सांगितलं तर ती कारण विचारेल, कारण सांगितलं तर पुरावा मागेल. त्यापेक्षा फांद्या संपल्या म्हणतो.”

“मी त्यांना आळशी म्हणत होते.”

“हो. तेही सांगायचा,” ओनेझीम म्हणाला. “दरवर्षी. फार हसायचा.”

बाई गार वाऱ्यात त्या भोकापुढे उभ्या राहिल्या. एक माणूस एकतीस वर्षं नुसती शिवी खाऊन घर उबदार ठेवतो आणि दुसरा दातांनी जाळाची धाप ओळखतो, आणि या दोघांच्या मध्ये आपण शिकलेल्या म्हणून वावरलो. हातातल्या फरच्या सुया टोचत होत्या, त्या त्यांनी तशाच टोचू दिल्या.

आत येऊन त्यांनी हात न धुताच फोन लावला.

“नॉर्मां, चूक माझी होती. हवेची वाट मी बुजवली होती. तुझ्या माणसानं भट्टीला बोटही न लावता ओळखलं.”

“पण बाई, त्याला ऐकू...”

“त्याला येतं. तुला येत नाही. त्या दुसऱ्या दोन घरी त्यालाच पुन्हा पाठव, आणि आधी त्यांनी बूड कसं झाकलंय ते बघायला सांग. किल्ल्या त्याच्याकडेच राहतील. ऐकलंस?”

नॉर्मांनं ऐकलं. दोन्ही घरांना त्या वर्षी बूड झाकायला नवं प्लास्टिक लावलं होतं, पायापासून खिडकीपर्यंत.

ओनेझीमनं दोन प्लॉय लोणी लावून खाल्ले. निघताना स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. “माझ्याकडे दुसरा आहे. महिन्यातून एकदा ऐकत चला. आजच्यापेक्षा वेगळं वाटलं की फोन करा. मे महिन्यात भट्टी बंद केलीत की घरी आणून द्या, कॉफी पिऊ.”

“आणीन,” बाई म्हणाल्या.

हिवाळाभर त्यानं गाडी चालवली. वसंतात बर्फ उतरल्यावर किल्ल्या स्वतःच नॉर्मांच्या टेबलावर ठेवल्या, कुणी मागितल्या नव्हत्या.

मे महिन्यात बाईंनी भट्टी बंद केली आणि स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळून गाडीत पुढच्या सीटवर ठेवला. दोनदा त्याच्या घरावरून गेल्या. दोन्ही वेळा तो पायरीवर बसलेला दिसला, त्यानं हातही वर केला. त्यांनी हॉर्न वाजवला आणि गाडी पुढे काढली. अजून एकदा ऐकावं, मग देऊ, एवढंच मनात होतं. आणि बंद भट्टीत ऐकायला काही नव्हतं, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबायचं ठरलं. जुलैत लेक येऊन त्याला घेऊन गेली.

आता फांद्या लावून झाल्या आहेत, उत्तरेचा कोपरा मोकळा आहे आणि खाली जाळ सरळ श्वास घेतो आहे. खोका आणलाय. त्यावर कनेटिकटचा पत्ता लिहिलाय, तिकिटंही लावलीत. खोका फडताळावर आहे, स्क्रूड्रायव्हर तळघरात, पिंपावर.