अग्निबाणांच्या बागेत
दिवाळीत गच्चीवर येऊन पडलेली रॉकेटची जळकी काडी आज सकाळी उचलली, आणि तिच्या दारूच्या वासात कावेरीचा ओलावा मिसळल्यासारखा वाटला. आई गेली त्या वर्षी बाबांनी म्हैसूरचे आमचे शिवणाचे दुकान एका दुपारी लवकर बंद केले आणि मला श्रीरंगपट्टणच्या नदीकाठच्या बागेत नेले. सुलतानाचे अग्निबाण इथूनच आभाळात झेपावत, असे तिथला माळी सांगू लागला. "आजच्या रॉकेटांचे आजोबाच ते! पण बाण उडवताना मेलेले शिपाई तिन्हीसांजेला इथे फिरतात हं, पुट्टी," तो मला, छोट्या मुलीला म्हणतात तसे कानडीत म्हणाला. बाबा हसले, "भुतांना दुसरं काम नाही वाटतं?" मी मात्र हसले नाही. याच नदीत, थोडे वरच्या अंगाला, आम्ही आईच्या अस्थी सोडल्या होत्या. शिपाई येत असतील, तर ती का येणार नाही? शिवताना ती बोटात घालायची ते अंगुस्तान फ्रॉकच्या खिशात मुठीत घट्ट धरून मी बाकावर बसून राहिले. पाणी तांबूस झाले, मग काळवंडले. चिंचेवरची वटवाघळे उठली. "साकु, पुरे झालं, आता निघा," म्हणत माळ्याने फाटकाची साखळी वाजवली. "पाचच मिनिटं, अण्णा," बाबा अजिजीने म्हणाले. कोणी आले नाही. परतताना मी रडले. आज ही काडी हातात धरल्यावर आठवते आहे, की साऱ्या पेठेचे कपडे बाबा शिवत, पण त्यांचे मात्र आईच शिवायची. आणि त्या दिवशी, कुठलाही सण नसताना, तिने शिवलेला शेवटचा सदरा त्यांनी दुकानातून निघतानाच घातला होता.