उगवतीला शून्य मार्क

किस्से दुसऱ्याचे असले की टीचर्स रूममध्ये मजा येते. आमच्याकडचे बरेचसे नेमके माझेच आहेत. मी नगर शहरातला, राजूरजवळच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो आणि तेव्हापासून ते साठत गेले.

*

पहिल्याच आठवड्यात एका बाईंना पोस्टाचा पत्ता विचारला.

"देवळाच्या उगवतीला हाय."

"डावीकडे की उजवीकडे, तेवढं सांगा ना."

"तुमी कुनीकडं तोंड करून हुबं ऱ्हानार, ते मला काय ठावं?"

*

मग चाचणी परीक्षा. 'ईस्ट'चा मराठी अर्थ लिहा. नववीतल्या मंदाने लिहिलं, 'उगवती'. मी लाल पेनाने शून्य दिलं, वर सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. "परीक्षेत गावठी चालत नाही." वर्ग हसला, मीही हसलो. आज लिहितानासुद्धा कान तापतात. त्यानंतर मंदाने वर्गात हात वर केला नाही.

*

पुढे राहुरीला ओरिएंटेशन ट्रेनिंग होतं. ट्रेनिंगच्या साहेबांनी विचारलं, "ओरिएंट म्हणजे काय?"

आमचे गणिताचे गायकवाड सर म्हणाले, "चहा कुठल्या दारानं येतो ते बघणं."

साहेब हसले आणि सांगू लागले. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ 'उगवणारा'. म्हणून पूर्व दिशा. मग पूर्वेकडे तोंड करणं, आणि शेवटी आपण कुठे उभे आहोत ते ओळखणं. माझं पेन 'उगवणारा'पाशीच थांबलं होतं.

परतीच्या एसटीत गायकवाडांना मंदाच्या पेपरचा किस्सा सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "मग लॅटिनलाही शून्य देऊन टाका, सर."

*

मी मंदाचा मार्क वाढवला, पण गुपचूप. हसं केलं होतं भर वर्गात, दुरुस्ती केली कपाटाआड. 'चूक माझी होती' एवढंच म्हणायचं होतं, तेही जमलं नाही. स्वतःचीच लाज वाटत होती.

*

शेवटी ठरवलं, तिच्या घरी जाऊन माफी मागायची. राजूरच्या बाजारात मंदा आणि तिची आई घेवडा विकत बसल्या होत्या. मी आईंना म्हणालो, "तुमच्या घरी यायचं होतं. कुठल्या बाजूला आहे?"

"या की, सर. शाळंपासनं उगवतीला, नीट..."

मंदाने आईचा हात दाबला. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आई, सरांम्होरं तसं न्हाई बोलायचं. पूर्वेला म्हन."