मोळीला हात

"याला कळलं म्हणजे कुणालाही कळेल," शास्त्रीबुवा साहेबाला म्हणाले आणि काठीचं टोक त्यांनी माझ्याकडे वळवलं.

चौकचा सरकारी बंगला. साहेब व्हरांड्यात आरामखुर्चीत, शास्त्रीबुवा शेजारी सतरंजीवर, मी पायऱ्यांखाली उन्हात. साहेबानं हातातल्या कागदात पाहिलं, घसा साफ केला.

"तू वहाणा काढलं पाहिजे."

मी वहाणा काढल्या.

"समजलं त्याला!" साहेब खूश. शास्त्रीबुवांनी कागदावर खूण केली. मग मला वहाणा घालायला सांगितलं. मग, "तुला वहाणा काढावं लागेल." काढल्या. घातल्या. "तू वहाणा काढायला हवं." काढल्या. दुपारपर्यंत अकरा वेळा. नव्या होत्या. बंगल्यावर लिहिण्याच्या कामाला बोलावलंय, असा निरोप आला म्हणून मुद्दाम शिवून घेतल्या होत्या.

काम असं होतं. साहेब रस्त्याच्या कामावरचा. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचा तळ फिरायचा. विलायतेतून नव्यानं येणाऱ्या साहेबांना नोकर-मजुरांशी बोलता यावं म्हणून तो एक छोटं पुस्तक करत होता. डावीकडे इंग्रजी वाक्य, उजवीकडे मराठी. सगळी वाक्यं एकाच जातीची: अमुक केलं पाहिजे, तमुक करावं लागेल. मराठी करायला पेणहून शास्त्रीबुवा आणले होते. त्यांनी पहिलं वाक्य केलं, "पादत्राणे त्वरित विसर्जित करावीत." साहेबानं ते पट्टेवाल्यावर चालवून पाहिलं. पट्टेवाल्यानं हात जोडले. त्याला वाटलं, पूजा सुरू झाली. तेव्हा सोप्या मराठीसाठी माणूस शोधणं भाग पडलं, आणि लोधिवलीच्या खालच्या वस्तीतला मी सापडलो.

पाच इयत्ता मी शाळेच्या ओट्याखाली बसून केल्या होत्या. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या मामाकडून इंग्रजी शिकलो. आमच्या वस्तीसाठी शाळा मागणारा अर्ज मी तीनदा लिहिला होता. तीनदा उत्तर नाही. साहेब म्हणाला होता, पुस्तक पुरं झालं की शाळाखात्याला शिफारसपत्र देतो. त्या एका पत्रासाठी मी तीन आठवडे वाक्यं लिहून दिली आणि मीच लिहिलेल्या वाक्यांबरहुकूम उठलो, बसलो, पळालो, छत्री धरली, घोड्यापुढं वाकलो. प्रत्येक वाक्य माणसावर चालवून पाहायचं, ही साहेबाची शास्त्रीय पद्धत. तो माणूस म्हणजे मी.

"आज किती येळा रं, मास्तर?" संध्याकाळी निघताना पट्टेवाला विचारायचा.

"मोजलं नाही."

"मी मोजलं. सतरा. तुज्यापरीस घोड्याला आराम हाय."

घरी आय विचारायची, "सायेब काय शिकिवतो रं तुला?"

"मी त्याला शिकवतो, आय."

"मंग खुर्चीत तो कसा बसला?"

मामाजवळ चार पुस्तकं होती, ती मी पाठ केली होती. त्यात याबद्दल काही नव्हतं.

इंग्रजीत सक्तीला शब्द बरेच आहेत, हे मला तिथं कळलं. मस्ट आहे, हॅव टु आहे, शुड आहे, ऑट टु आहे. कोणता कुणाला लावायचा, हे मात्र व्याकरणात नाही, व्हरांड्यात ठरतं. शेकडो वाक्यांत साहेबाचं स्वतःचं एकच होतं, "मला आज बहिणीला पत्र लिहायला हवं." तीन आठवड्यांत ते पत्र काही लिहून झालं नाही. आम्हाला म्हणायची वाक्यं मात्र त्याच्या तोंडातून निघाली की झालीच.

हे मी मनात हसून घेत असे. मनात हसणाऱ्याला वाटतं, आपण वाकलो नाही.

एका सकाळी आय मोळी घेऊन आली. इर्शाळच्या डोंगरउतारावरून लाकडं आणून ती बंगल्याच्या मुदपाकखान्यात घालायची. मागल्या दारानं येत असे. त्या दिवशी मागे खडी टाकली होती, म्हणून पुढून आली. शास्त्रीबुवांनी पाहिलं.

"बरी आली. बाईमाणसाला म्हणायची वाक्यं राहिलीत," ते म्हणाले. ती माझी आई आहे, हे त्यांना ठाऊक होतं. साहेबाला नव्हतं. मीही सांगितलं नाही.

साहेबानं कागद घेतला. "तू मोळी खाली ठेवलं पाहिजे."

आयनं मोळी टाकली. कंबर धरून उभी राहिली.

"तू मोळी उचललं पाहिजे."

इथं एक सांगायला हवं. ओल्या लाकडाची मोळी एकट्यानं डोक्यावर चढत नाही. दुसऱ्यानं हात लावावा लागतो. आमच्या भागात वाटेनं जाणारा कुणीही असो, बोलाचाली बंद असलेला भाऊबंद असो, मोळीवाली थांबलेली दिसली की तो हात लावतो. त्याला कुणी लावायला सांगत नाही. न लावणारा मी तोवर पाहिला नव्हता.

आयनं इकडंतिकडं पाहिलं. साहेब कागदात होता. शास्त्रीबुवांना आमचा विटाळ होता. पट्टेवाला साहेबाच्या तोंडाकडे बघत उभा. माझ्याकडे तिनं पाहिलं. मी हललो नाही. पुस्तकाची चार पानं राहिली होती. पत्र चार पानांवर आलं होतं.

ती गुडघ्यावर बसली. मोळी उभी केली, खाली डोकं घातलं आणि दात खाऊन उठली. मानेच्या शिरा वर आल्या.

"समजलं तिला!" साहेब म्हणाला. शास्त्रीबुवांनी खूण केली. "आता दुसरा प्रकार. तुला मोळी खाली ठेवावं लागेल."

तिनं ठेवली. तिला वाटलं, मोळीतच काही खोट आहे. मोळीची वेल सोडून पुन्हा आवळून बांधली. मग मला हळूच म्हणाली, "काय चुकलं रं?"

"तुला मोळी उचलावं लागेल."

ती पुन्हा गुडघ्यावर बसायला लागली. मी पुढं गेलो आणि मोळीवर पाय ठेवला.

"नाही उचलणार ती."

साहेबानं कागद चाळला. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मग शास्त्रीबुवांकडे पाहिलं.

"असं वाक्य आपल्या पुस्तकात नाही, साहेब," शास्त्रीबुवा म्हणाले.

"पाय काढ," पट्टेवाला माझ्या कानाशी कुजबुजला. "पत्राचं काय होईल रं?"

मला ठाऊक होतं काय होईल. मी पाय काढला नाही. साहेबाला मी इंग्रजीत सांगितलं, ही माझी आई आहे, आणि ही लाकडं आहेत, धडा नाही. तो लाल झाला. रागानं की लाजेनं, ते त्याचं त्याला माहीत. कागद गोळा करून आत गेला. शिफारसपत्र अर्थात आलं नाही. बंगल्याला लाकडं दुसऱ्या वस्तीतून येऊ लागली.

परत जाताना वाटलं, आय काहीतरी म्हणेल. बरं केलंस म्हणेल, किंवा रडेल. अर्ध्या वाटेवर ती चालता चालताच म्हणाली,

"दुसऱ्या येळेला आडवा आलास. पयल्या येळेला हात का नाय लावलास?"

साहेबानं केलेला अपमान मी झेलला, शास्त्रीबुवांनी केलेला झेलला. आयचा हा प्रश्न झेलता आला नाही. आजही येत नाही. चौथ्या वाक्याला पुढं आलो, हे लोक सांगतात. दुसऱ्याला नुसता उभा राहिलो, हे मी सांगतो.

पुस्तक छापून निघालं. मी पाहिलं. पहिल्या पानावर साहेबाचं नाव, खाली शास्त्रीबुवांचं, त्यांच्या बिरुदांना दोन ओळी लागल्या आहेत. आत मोळीची चारही वाक्यं आहेत, शुद्ध केलेली.

मी चौथा अर्ज लिहिला नाही. शाळेसाठी आता कुणाला विचारणार नाही. वस्तीच्या खालच्या अंगाला, आंब्याखाली, मी शिकवायला बसतो. बाजारावरून परतलेल्या मोळीवाल्या येतात, गाडीवान येतात. मराठी शिकवतो, इंग्रजीही शिकवतो. पहिल्या दिवशी दोन वाक्यं देतो. एक, "मी उचलणार नाही." दुसरं, "हात लावलाच पाहिजे." पहिलं साहेबाला म्हणायचं, दुसरं स्वतःला. उलट म्हटलं की काय होतं, ते त्यांना मी माझंच उदाहरण देऊन सांगतो. नाव लपवत नाही.

कुणी खुर्चीतून "पाहिजे" म्हटलं की मी आता करण्याआधी थांबतो. वाटेवर मोळी दिसली की हात लावतो, थांबत नाही.